विवाहविधींचे मूळ आणि अर्थ : नरखेड तालुक्याच्या लोकाचाराच्या अनुषंगाने

विवाहातील एखाद्या विधीचे मूळ कोणते आणि त्याचा अर्थ काय, हे दोन प्रश्न सामान्यतः जोडीनेच विचारले जातात आणि त्यांना एकच उत्तर दिले जाते. हा विधी पूर्वी अमुक कारणाने सुरू झाला, म्हणून त्याचा अर्थ अमुक, असा हा युक्तिवाद असतो. तो सोयीचा असला तरी निर्दोष नाही. विधीचा उगम ही इतिहासाची बाब होय. त्याला पुरावा लागतो, आणि तो पुष्कळदा उपलब्ध नसतो. विधीचा अर्थ ही मात्र चालू व्यवहाराची बाब होय. तो विधी कोण करते, कोणाला करू दिला जात नाही, कोणत्या लग्नात तो गाळला जातो आणि गाळल्याने काय बिघडते, यांवरून तो अर्थ ठरवावा लागतो. या दोन प्रश्नांची गल्लत झाल्यामुळे विवाहविधींविषयीचे बरेचसे लोकप्रिय विवेचन आख्यायिकेच्या पातळीवरच राहिले आहे. प्रस्तुत लेखात ही गल्लत टाळून काही प्रमुख विधींचा विचार नरखेड तालुक्याच्या परिसरात ठेवून केला आहे.

क्षेत्राचा परिचय

नरखेड हा नागपूर जिल्ह्याच्या वायव्य टोकाचा तालुका. पूर्वी हा मुलूख काटोल तहसिलीत मोडत असे. पश्चिमेस वर्धा नदीपलीकडे अमरावती जिल्ह्यातील वरूड व मोर्शी, उत्तरेस मध्यप्रदेशातील पांढुर्णा, अशी त्याची मांडणी आहे. जाम नदी जलालखेड्याजवळ वर्धेस मिळते. कापूस, ज्वारी आणि विशेषतः संत्री ही येथील शेतीची ओळख. कुणबी, माळी, तेली, भोयर-पवार, कोष्टी, गोवारी, गोंड, बौद्ध इत्यादी समाज येथे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदत आले आहेत.

या क्षेत्राचे विशेष महत्त्व त्याच्या सीमावर्ती स्थानात आहे. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी नागपूर व छिंदवाडा हे दोन्ही जिल्हे एकाच राज्यात होते. त्यानंतर नागपूर मुंबई राज्यात आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आले, तर पांढुर्णा मध्यप्रदेशात राहिले. राज्याची सीमा बदलली, परंतु सोयरिकींनी ती सीमा मानली नाही. मराठी, हिंदी आणि पवारी-भोयरी बोलणाऱ्या घरांचे लग्नसंबंध अशा प्रदेशात शेजारी शेजारी ठेवून पाहता येतात, आणि एका विधीची दुसऱ्याशी तुलना करण्याची जी संधी अन्यत्र दुर्मिळ असते, ती येथे सहज लाभते.

शास्त्र आणि ग्रामवचन

विवाहविधींच्या उगमाचा शोध प्रथम वैदिक वाङ्मयाकडे वळतो, आणि ते स्वाभाविकही आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील पंच्याऐंशीवे सूक्त सूर्येच्या विवाहाचे आहे. त्यातील अनेक मंत्र आजही लग्नात म्हटले जातात. गृह्यसूत्रांनी पाणिग्रहण, लाजाहोम, अश्मारोहण, अग्निप्रदक्षिणा, सप्तपदी आणि ध्रुवदर्शन हा क्रम सिद्ध केला. पुरोहित ज्याला लग्न म्हणतो त्याचा सांगाडा येथून आला, यात शंका नाही.

परंतु नरखेडच्या एखाद्या गावात लग्नघरी चार दिवस काढणाऱ्या माणसास जे दिसते, त्यातील बहुतांश भाग या सांगाड्यात नाही. साक्षगंध, केळवण अथवा गडगनेर, मांडव घालणे, मुसळाला हळकुंड बांधून घाणा भरणे, उष्टी हळद, रुखवत, अंतरपाट, सूनमुख, आंदण यांचा गृह्यसूत्रांच्या मूळ विधिक्रमात पत्ता लागत नाही. आज विवाहाची खूण म्हणून सर्वमान्य झालेले मंगळसूत्रदेखील गृह्यसूत्रांना ठाऊक नव्हते, ही गोष्ट महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात नोंदवली आहे. अंतरपाट धरण्याचा विधीही गृह्यसूत्रांत नसून परिशिष्टे व उत्तरकालीन स्मृती यांतून पुढे येतो.

मग हे सर्व शास्त्राबाहेरचे, म्हणून गौण मानावे काय? सूत्रकारांचे स्वतःचे मत तसे नाही. विवाहात देशोदेशीचे व गावोगावचे धर्म भिन्न असतात आणि त्यांचे पालन करावे, असे आश्वलायन आरंभीच सांगतो. आपस्तंब तर विवाहातील काही आचार स्त्रियांकडून समजून घ्यावेत, असा निर्देश देतो. पारस्कराने विवाह व अंत्यसंस्कार या दोन प्रसंगी गावाचे म्हणणे ऐकावे, असे विधान केले आहे. पारस्कर हा शुक्ल यजुर्वेदाचा सूत्रकार. विदर्भात त्या वेदाच्या माध्यंदिन शाखेचा प्रसार मोठा असल्याने येथील पुष्कळ पुरोहितांची परंपरा याच सूत्राशी निगडित आहे. तात्पर्य, जो पुरोहित मंत्र म्हणतो त्याच्याच ग्रंथाने लग्नाचा मोठा भाग गावाच्या आणि बायकांच्या स्वाधीन केला आहे. शास्त्र विरुद्ध रूढी अशी जी जोडी नेहमी मांडली जाते, ती विवाहाच्या बाबतीत शास्त्रकारांनाच मान्य नव्हती.

ही परंपरा वाङ्मयातही उमटली आहे. वर्धेपलीकडे मोर्शी तालुक्यात रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे स्थान आहे. तेथे तेराव्या शतकात गोविंदप्रभूंच्या विवाहाच्या प्रसंगाने महदंबेने ‘धवळे’ रचून गाइले. धवळे म्हणजे लग्नात गावयाची गीते. मराठीतील आद्य कवयित्री म्हणून जिचा गौरव होतो, तिची रचना लग्नगीताच्या स्वरूपात आणि याच परिसरात झाली, हा निव्वळ योगायोग मानता येणार नाही. स्त्रियांनी गावयाचा लग्नविधी त्या काळी इतका रूढ होता की त्याच्या साच्यात धर्मपर काव्य सहज सामावले, असा निष्कर्ष यातून निघतो.

हरणविवाहाची उपपत्ती

एकोणिसाव्या शतकातील मानवशास्त्रात विवाहविधींच्या उगमाविषयी एक उपपत्ती फार लोकप्रिय झाली. १८६५ मध्ये मॅक्लेनन याने असे प्रतिपादन केले की, आदिम समाजात वधू पळवून आणीत असत आणि आजच्या लग्नातील खोटा विरोध, शस्त्रधारण, वरातीची अडवणूक हे विधी त्या हरणाचे अवशेष होत. आपल्याकडे स्मृतींनी वर्णिलेल्या आठ विवाहप्रकारांत राक्षसविवाह असल्याने ही उपपत्ती येथेही त्वरित स्वीकारली गेली.

नरखेड परिसरात तर तिला अनुकूल अशा दोन कथा जवळच सापडतात. पहिली रुक्मिणीहरणाची. वर्धा नदी नरखेड तालुक्याची सीमा सोडून खाली जाते, तेव्हा तिच्या काठी अमरावती जिल्ह्यात कौंडण्यपूर लागते. परंपरेनुसार हेच विदर्भराज भीष्मकाचे कुंडिनपूर. येथूनच श्रीकृष्णाने रुक्मिणीचे हरण केले. दुसरी कथा जाम नदीची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा व नदीपलीकडील सावरगाव यांच्यामध्ये गोटमार होते. नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा लावतात आणि दोन्ही काठांवरून दगडफेक होते. पांढुर्ण्याच्या तरुणाने सावरगावची मुलगी पळवून नेली, नदी ओलांडताना दोन्ही गावांनी त्यांच्यावर दगड फेकले, अशी त्यामागील आख्यायिका सांगतात. या गोटमारीत आजवर अनेकांचे प्राण गेले असून शेकडो लोक जायबंदी झाले आहेत.

या कथांवरून हरणविवाह हा येथील विवाहाचा मूळ प्रकार होता, असे अनुमान काढणे घाईचे ठरेल. कथा ही प्रथेचे स्पष्टीकरण म्हणून नंतर जोडली गेलेली असू शकते. गोटमारीच्या बाबतीत आख्यायिकेखेरीज दुसरा पुरावा पुढे आलेला नाही. रुक्मिणीच्या कथेत तर रुक्मिणीनेच निरोप धाडून कृष्णाला बोलावले आहे. म्हणजे ज्याला हरण म्हटले जाते, त्याच्या मुळाशी वधूची निवड आहे. या भागातील लोकमनाने जपलेला अर्थही तोच दिसतो. एकनाथांनी १५७१ मध्ये रचलेले ‘रुक्मिणी स्वयंवर’ मुलीचे लग्न जुळावे म्हणून वाचण्याचा प्रघात महाराष्ट्रभर आहे. त्या ग्रंथाच्या नावात हरण हा शब्द नसून स्वयंवर हा शब्द आहे, ही बाब लक्षणीय होय.

हरण-उपपत्तीची परीक्षा करण्यास नवरदेवाच्या हातातील कट्यार हे उदाहरण उपयोगी पडते. हळद लागल्यापासून नवरदेव कट्यार, सुरी किंवा अडकित्ता जवळ बाळगतो. टोकाला बहुधा लिंबू खोचलेले असते. ही कट्यार लढाईची निशाणी म्हणावी, तर अडकित्त्याने लढाई होत नाही. शिवाय घरात जेव्हा बाळंतीण असते, तेव्हा तिच्या उशाखालीही विळा किंवा सुरी ठेवतात. तेथे हरणाचा काही संबंध नाही. या दोन प्रसंगांत समान गोष्ट शोधली तर ती लोखंड ही आहे. नवरदेव आणि बाळंतीण दोघेही एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जात असतात, आणि अशा मधल्या काळात माणसास दृष्ट व बाधा लवकर लागते अशी समजूत असते. लोखंड त्या समजुतीतील संरक्षक द्रव्य होय. एकाच लग्नातील विधी सुटा पाहिला तर उगमाची कल्पित कथा हाती येते. तोच विधी घरातील इतर संस्कारांशेजारी ठेवला तर त्याचा अर्थ कळतो.

हळद आणि मांडव

फ्रेंच अभ्यासक व्हॅन जेनेप याने १९०९ मध्ये संक्रमणविधींची जी मीमांसा केली, ती येथे साहाय्यभूत होते. त्याच्या मते अशा विधींना तीन टप्पे असतात : जुन्या अवस्थेतून विलग होणे, मधल्या अवस्थेत राहणे आणि नव्या अवस्थेत सामावून घेतले जाणे. हळद लागताच वधूवर पहिल्या टप्प्यातून दुसऱ्यात जातात. त्यांनी वेस ओलांडू नये, एकटे राहू नये, कामास हात लावू नये, असे निर्बंध सुरू होतात. मुलगा ‘नवरदेव’ होतो. त्याच्या नावात देव येतो तो याच काळापुरता. लग्न आटोपले की देवपण संपते.

हळदीविषयी अलीकडे असे सांगण्यात येते की, ती जंतुनाशक आहे व त्वचेस हितकारक आहे, म्हणून पूर्वजांनी ही योजना केली. हळदीचे औषधी गुण कोणी नाकारीत नाही. परंतु हे स्पष्टीकरण विधीतील नेमक्या नियमांना लागू पडत नाही. नवरदेवाला लावलेली उरलेली हळदच, म्हणजे उष्टी हळद, नवरीकडे का न्यावयाची? ती सवाष्णींनीच का लावावयाची? विधवेच्या पुनर्विवाहात ती का नसते? आरोग्य हाच हेतू असता तर यांपैकी एकही नियम आवश्यक नव्हता. उष्ट्याचा विधी हा संबंध जोडण्याचा विधी आहे. एरवी परक्याचे उष्टे वर्ज्य. ते स्वीकारणे म्हणजे परकेपण संपल्याची कबुली. वधूवरांची भेट होण्याआधीच एका अंगाचा रंग दुसऱ्या अंगाला लागतो, आणि दोन घरांतील अंतर अंतरपाट दूर होण्यापूर्वीच कमी होऊ लागते. त्या हळदीची दिशा मात्र वराकडून वधूकडे अशी एकेरीच असते. त्यात दोन घरांच्या मानाची उतरंडही सांगितली जाते, हे विसरता येत नाही.

मांडवाचाही विचार याच पद्धतीने करावा लागतो. हिरव्या डहाळ्यांनी आच्छादलेला मांडव उन्हापासून निवारा देतो, हे खरे. येथील लग्ने बहुधा सुगी आटोपल्यावर, हातात पैसा आल्यावर, चैत्र-वैशाखाच्या कडक उन्हात होतात. तथापि निवाऱ्यासाठी मुहूर्त पाहावा लागत नाही. मुहूर्तमेढ मात्र मुहूर्तावर रोवली जाते. मांडव घरासमोर उभारलेले एक तात्पुरते दुसरे घर असते. त्यात कुळाचे दैवत बसवले जाते, भाऊबंद जेवतात, गाव बसते. घर एका कुटुंबाचे असते, मांडव गावाचा असतो. म्हणूनच ‘मांडवात बोलावणे’ किंवा ‘मांडवात मान न देणे’ या गोष्टींवरून पिढ्यांची भांडणे होतात किंवा मिटतात.

मामाचे स्थान आणि देजाचा हुंडा

नवरीला बोहल्यापर्यंत आणणारा आणि अंतरपाटाच्या वेळी तिच्या पाठीशी उभा राहणारा मामा हा लग्नातील एक अनिवार्य पुरुष असतो. त्याचे स्पष्टीकरण बहुधा आते-मामे भावंडांच्या विवाहातून केले जाते. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या आप्तसंबंधविषयक ग्रंथात महाराष्ट्र हा उत्तर व दक्षिण या पद्धतींमधील सांध्याचा प्रदेश असल्याचे दाखवले. उत्तरेत जवळच्या आप्तांत विवाह निषिद्ध, दक्षिणेत मामाची मुलगी हक्काची. महाराष्ट्रातील अनेक समाजांत मामाची मुलगी करण्यास पसंती आहे. गोंड समाजात अशा विवाहास ‘दूध लौटावना’, म्हणजे दूध परत करणे, असे म्हणतात, ही नोंद रसेल व हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात आढळते. मागील पिढीत एका घराने मुलगी दिली, या पिढीत ती परत फेडावयाची, असा हा हिशेब आहे.

परंतु मामाचा मान हा अशा विवाहांचा अवशेष होय, असे म्हणण्यापूर्वी सीमेपलीकडे पाहणे अवश्य आहे. हिंदीभाषक प्रदेशात मामाच्या मुलीशी लग्न निषिद्ध असूनही लग्नात मामाने ‘भात’ आणण्याचा विधी मोठ्या मानाचा असतो. म्हणजे भावंडांचा विवाह नसला तरी मामा असतोच. तेव्हा मामाचे स्थान अधिक व्यापक कारणाने आलेले असले पाहिजे. मामा हा नवरीच्या आईच्या माहेरचा प्रतिनिधी. वधूचे वडील व वराचे वडील आज सोयरे होतात. मामा मागच्या सोयरिकीचा जिवंत साक्षी असतो. त्याच्या उपस्थितीमुळे लग्न दोन घरांचे न राहता तीन घरांचे होते, आणि नवी सोयरीक जुन्या सोयरिकीच्या साक्षीने बांधली जाते.

सोयरिकीच्या या हिशेबात जो मोठा पालट झाला, तो देण्याघेण्याच्या दिशेत. मध्यप्रांतातील शेतकरी व कारागीर जातींत पूर्वी वराकडून वधूच्या बापास काही रक्कम देण्याचा प्रघात होता. तिला देज म्हणत. शेतात राबणारी मुलगी जाते, त्याची ती भरपाई. पुढे शिक्षण, नोकरी व जमिनीची मालकी यांना महत्त्व येत गेले, वरिष्ठ जातींचे अनुकरण वाढले आणि देज मागे पडून हुंडा आला. १९६१ च्या कायद्याने हुंडा गुन्हा ठरला, तरी तो आंदण व मानपान या नावांखाली वावरत राहिला. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९५५ च्या ग्रामगीतेत लग्नातील उधळपट्टीवर टीका करून साध्या लग्नांचा पुरस्कार केला, तो याच परिसरातील अनुभवावर आधारलेला होता. एखादी प्रथा ‘परंपरेने चालत आली’ असे म्हटले जाते, तेव्हा ती किती पिढ्यांची आहे हे तपासणे किती आवश्यक असते, याचे हुंडा हे उत्तम उदाहरण होय. परंपरेच्या नावावर तो मागितला जातो. परंतु या समाजांची जुनी परंपरा त्याच्या नेमकी उलट होती.

गाळलेल्या विधींची साक्ष

विधीचा अर्थ ठरविण्याची एक खात्रीची रीत म्हणजे तो कोठे गाळला जातो ते पाहणे. यासाठी तीन उदाहरणे घेता येतात.

पहिले उदाहरण पाटाचे. कुणबी, माळी, तेली इत्यादी समाजांत विधवेचा पुनर्विवाह पूर्वापार मान्य होता. १८५६ चा पुनर्विवाहाचा कायदा ज्यांच्यासाठी क्रांतिकारक ठरला ते वर्ग वेगळे होते. परंतु पाटास लग्न म्हणत नसत. तो रात्री लावीत. हळद, मांडव, वाजंत्री, मंगलाष्टके नसत. नवे लुगडे, बांगड्या, कुंकू आणि जातीच्या पंचांची संमती एवढ्यावर तो पुरा होई. अविवाहित पुरुषास विधवेशी पाट लावावयाचा असल्यास त्याचे लग्न आधी रुईच्या झाडाशी लावीत. यावरून दोन गोष्टी उघड होतात. हळद व मांडव हे विवाहसंबंध कायदेशीर करण्याचे विधी नव्हेत. अविवाहित माणसाला आयुष्यात एकदाच विवाहित अवस्थेत नेण्याचे ते विधी होत. आणि संबंध मान्य होण्यास लागणारी किमान गोष्ट म्हणजे पंचांची, म्हणजे समाजाची, साक्ष.

दुसरे उदाहरण सत्यशोधक विवाहाचे. महात्मा जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ब्राह्मण पुरोहिताविना पहिला विवाह लावण्यात आला. पुढे १८८७ मध्ये त्यांनी मंगलाष्टकांसह पूजाविधी प्रसिद्ध केला. त्यात संस्कृत मंत्रांच्या जागी वधूवरांनी एकमेकांस द्यावयाची वचने आली आणि वधूच्या तोंडी स्त्रियांच्या हक्काची मागणी आली. पुरोहित गेला, मंत्र गेले. मंगलाष्टके व जमलेल्या लोकांची साक्ष मात्र राहिली.

तिसरे उदाहरण बौद्ध विवाहाचे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूर येथे धम्मदीक्षा घेतली आणि लाखो अनुयायांना दिली. त्यानंतर नागपूर जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांतील बौद्ध कुटुंबांनी विवाहविधी विचारपूर्वक बदलला. पांढरी वस्त्रे, त्रिशरण व पंचशील, परस्परांस पुष्पहार आणि प्रतिज्ञा, एवढ्यावर विवाह संपन्न होऊ लागला. मुहूर्त, होम व पुरोहित दूर झाले. काही घरांत हळदीचा कार्यक्रम मात्र टिकून राहिला. यास विसंगती म्हणणे सोपे आहे. परंतु पुरोहिताचा विधी आणि घरातील स्त्रियांचा विधी हे दोन निरनिराळ्या अधिकारांखाली चालत आले, हे लक्षात घेतले म्हणजे एक जाऊन दुसरा का राहतो, याचा उलगडा होतो.

तिन्ही उदाहरणांत कायम राहिलेले तत्त्व एकच : लग्न लोकांसमोर लागते. अक्षता टाकणारा प्रत्येक जण, मग तो कोणत्याही कुळाचा असो, त्या लग्नाचा साक्षी बनतो. अक्षतांच्या जागी फुले आली तरी टाकणारे हात तेच राहतात.

रूढी, कायदा आणि संकलनाची निकड

या विवेचनाचे महत्त्व केवळ अभ्यासापुरते नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या सातव्या कलमानुसार दोहोंपैकी कोणत्याही पक्षाच्या रूढ विधींनी विवाह लागू शकतो. त्या विधींत सप्तपदी असेल तर सातवे पाऊल पडताच तो पूर्ण होतो. हा कायदा बौद्धांनाही लागू आहे. म्हणजे सूत्रकारांनी मानलेले ग्रामवचन आधुनिक विधिमंडळानेही मानले. परंतु न्यायालयात रूढी सिद्ध करावी लागते. ती दीर्घकाळ, अखंड व सारख्या रीतीने पाळली जात असल्याचे दाखवावे लागते.

ते दाखवता आले नाही तर काय होते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या १९६५ च्या भाऊराव लोखंडे प्रकरणावरून कळते. महाराष्ट्रातील एका पुरुषाने पहिली पत्नी असता दुसरा विवाह गांधर्व पद्धतीने केला होता. त्या प्रसंगी दोघांची कपाळे एकमेकांस टेकविली गेली आणि विवाह पूर्ण झाल्याचे मानले गेले. एवढेच विधी त्या समाजाच्या रूढीने पुरेसे आहेत असे सिद्ध न झाल्याने न्यायालयाने दुसरा विवाह कायद्याने झालाच नाही असे ठरविले, आणि द्विभार्येचा गुन्हा टिकला नाही. २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने आवश्यक विधी झाले नसतील तर केवळ नोंदणीच्या प्रमाणपत्राने हिंदू विवाह सिद्ध होत नाही, असेही स्पष्ट केले. कोणत्या समाजात कोणत्या विधीने लग्न पुरे होते, ही माहिती अशा वेळी एखाद्या स्त्रीच्या पत्नीपणाचा, पोटगीचा व वारशाचा आधार ठरते.

ही माहिती आज कोणाजवळ आहे? ती प्रामुख्याने वृद्ध स्त्रियांजवळ आहे. आणि त्यांच्यातही एक मोठा गट असा आहे की ज्याला ती असूनही वापरता येत नाही. सवाष्णीनेच हळद लावावी या नियमामुळे विधवा आई आपल्या लेकीच्या अंगाला हळद लावू शकत नाही. तिला मांडवाच्या कडेला उभे राहावे लागते. विदर्भाच्या कापूस पट्ट्यात शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी अकाली वैधव्य आलेल्या स्त्रियांची घरे थोडीथोडकी नाहीत. तेथे हा नियम दर लग्नसराईत नव्याने जाचतो. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्यशासनाने त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींपुढे तो आदर्श ठेवला. येथे ग्रामवचनानेच ग्रामाचार बदलला, ही गोष्ट पारस्कराच्या विधानाशी ताडून पाहण्यासारखी आहे. गावाचे म्हणणे प्रमाण असेल, तर गावाला आपले म्हणणे बदलण्याचाही अधिकार असतो.

मंगल कार्यालयांच्या प्रसाराबरोबर चार दिवसांचे लग्न एका दिवसावर आले आहे. घाणा भरण्याचे मुसळ देखाव्यापुरते उरले, जात्यावरची गाणी ध्वनिक्षेपकाने झाकली गेली. पुणे जिल्ह्याच्या मावळ भागातून सुरुवात करून गी पॉयटवँ व हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या ओव्यांचे संकलन केले आणि एक लाखाहून अधिक ओव्या जतन झाल्या. वर्धा-जाम खोऱ्यातील लग्नगीतांचे व विधींचे असे संकलन, मराठी, पवारी व हिंदी अशा तिन्ही बोलींतून, हाती घेण्याजोगे आहे. ते करताना प्रत्येक विधीविषयी पाच गोष्टी टिपल्या जाव्यात : तो कोण करते, कोणास वर्ज्य आहे, कोणत्या लग्नात गाळतात, गाळल्यास काय बोलले जाते, आणि सांगणारीने तो कोणाकडून शिकला. ‘हा विधी का करतात’ हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारावा. तो आधी विचारला तर उत्तरादाखल बहुधा एक कथा मिळते. शेवटी विचारला तर त्या कथेची पारख करण्यास लागणारी सामग्री आधीच हाती आलेली असते.